गॅसकडून पुन्हा सरपणाकडे
खास प्रतिनिधी

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर ‘नॉर्ड स्ट्रीम-१’ वाहिनीतून जर्मनीला होणारा वायुपुरवठा थांबला. हिवाळा तोंडावर आलेला आणि इंधनाचे दर भडकलेले. अशा वेळी युरोपातील असंख्य कुटुंबांना आजोबांच्या काळातील लाकडाच्या शेगडीची आठवण झाली. सरपणाची मागणी वाढली आणि भावही चढले. युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे रशियन लाकडाची आयातही बंद झाली होती. हंगेरीने तर सरपणाच्या निर्यातीवर बंदी घालून वृक्षतोडीचे नियम शिथिल केले.

सरपण मात्र ऐन वेळी निर्माण करता येत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. ते फोडून, जमिनीपासून उंचावर रचून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवून एक-दोन वर्षे वाऱ्यावर सुकवावे लागते. ढीग प्लास्टिकने गच्च गुंडाळला, तर ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. सुक्या लाकडातून किलोमागे सुमारे चार युनिट उष्णता मिळते, ओल्या लाकडातून जेमतेम निम्मी. कारण त्या वजनाचा मोठा भाग पाण्याचाच असतो आणि काही शक्ती त्या पाण्याची वाफ करण्यातही खर्ची पडते. शिवाय अर्धवट ज्वलनामुळे धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचून आगीचा धोका निर्माण होतो. पावसाळ्यापूर्वी सरपण भरून ठेवणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

धुराचा प्रश्न केवळ त्या घरापुरता राहत नाही. त्यातील अतिसूक्ष्म कण (पीएम २.५) फुप्फुसांत खोलवर जातात आणि शेजाऱ्यांच्या श्वासातही मिसळतात. म्हणूनच इंग्लंडने १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असू नये, असा दंडक घातला. जर्मनीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या शेगड्यांना सुधारणेसाठी किंवा बंद करण्यासाठी २०२४ अखेरची मुदत होती.

तथापि, नियमांची धारही परिस्थितीपुढे बोथट होते. स्कॉटलंडने एप्रिल २०२४ पासून नव्या घरांत लाकडाच्या शेगड्यांना मनाई केली. वादळात वीज गेली तर ऊब कोठून आणायची, हा ग्रामीण भागाचा सवाल बिनतोड होता. अखेर जानेवारी २०२५ पासून ही मनाई मागे घेण्यात आली. दाट वस्तीच्या शहरात जी शेगडी उपद्रव ठरते, तीच दुर्गम खेड्यात आधार असते, हे धोरणकर्त्यांना उशिरा उमगले.

भारतात प्रवास उलट दिशेने झाला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने चुलीच्या धुरातून गृहिणींना सोडविण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु सिलिंडर परवडेनासा झाला की येथेही चूल पुन्हा पेटते. तात्पर्य एकच. स्वच्छ इंधन आवाक्यात राहिले नाही, तर माणूस हाताशी असेल ते जाळतो. त्यामुळे केवळ बंदी पुरेशी नाही. स्वच्छ इंधन परवडेल अशा दरात मिळणे आणि तोवर निदान सुके लाकूड उपलब्ध होणे, या दोन्ही बाबींची तजवीज थंडी पडण्यापूर्वीच करावी लागेल.