मान वाकते, दोष टेबलाचा

पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली घ्या, हात समोर ताठ धरा आणि घड्याळाकडे पाहत राहा. दोन-तीन मिनिटांत खांदा भरून येईल. बाटली तर जागची हललेली नाही. म्हणजे भौतिकशास्त्राच्या व्याख्येनुसार तुम्ही तिच्यावर केलेले कार्य शून्य! (परीक्षेत हेच उत्तर लिहा.) स्नायूंना मात्र ही व्याख्या ठाऊक नसते. एकाच स्थितीत ताणून धरलेल्या स्नायूचे तंतू सतत आकसत राहतात, आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त अपुरे पोचते आणि स्नायू दुखू लागतो.

आता शिलाई मशीनवर आठ तास बसणाऱ्या कामगाराकडे पाहा. आपल्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. मान ही एक तरफच आहे. मणका हा टेकू, पुढे डोक्याचा भार आणि मागे स्नायूंची ओढ. मान पुढे झुकली असता डोक्याचा भार टेकूपासून १२ सेंटिमीटर पुढे आणि स्नायू ५ सेंटिमीटर मागे आहेत असे समजू. ५ गुणिले १२ भागिले ५, म्हणजे स्नायूंना १२ किलोइतका जोर लावावा लागतो, तोही न थांबता. ताठ बसल्यावर ते १२ सेंटिमीटर अगदी थोडे उरतात.

मग उपाय सोपा दिसतो: कामगारांना ताठ बसायचे शिकवा. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे एवढेच, एक व्याख्यान आणि भिंतीवर एक तक्ता. हे अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मान कोठे राहील हे कामगार ठरवीत नाही, त्याचे डोळे ठरवतात. ताठ बसून सुई नीट दिसत नसेल, आणि मजुरी नगावर असेल, तर व्याख्यान दुपारपर्यंतही टिकणार नाही. कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरील प्रयोगांचा एक कॉक्रेन आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या प्रशिक्षणाने मान-खांद्याचे दुखणे कमी होते, असा पुरावा त्यात मिळाला नाही.

यंत्र बदलता येत नाही, असे कोणी म्हणेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. जुन्या जिनिंगमध्ये बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून कापूस आणून हाताने रेच्यांत टाकत. २००० साली केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि आधुनिक झालेल्या जिनिंगमध्ये कापूस यंत्रानेच रेच्यापर्यंत जाऊ लागला. हेतू काय होता? रुईत कचरा मिसळू नये! डोक्यावरचे ओझे उतरले ते जाता जाता. रुईसाठी यंत्र बदलते, तर मानेसाठी टेबल का बदलू नये?

कायद्याने बसण्याचा विचार पूर्वीच केला होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. पण आसन आणि टेबल यांचा मेळ कसा घालायचा, हे त्या कलमात नव्हते.

हा मेळ घालणे वाटते तितके सोपे नाही. टेबल उंच केले तर मान सुखावते, पण खांदे उचलावे लागतात आणि तेही दुखतात. टेबल खाली नेले तर उलटे. म्हणून टेबल थोडे उंच, त्याचा पृष्ठभाग कामगाराकडे उतरता आणि कोपराला आधार, अशी तडजोड करावी लागते. उंच कामगाराची उंची वेगळी, ठेंगण्याची वेगळी. तेव्हा टेबल आणि खुर्ची खालीवर होणारी हवी. प्रशिक्षण द्यायचे ते याचे द्या: आपल्या मापाने खुर्ची कशी लावावी, अधूनमधून मिनिटभर हात कधी सोडावे. आणि त्या वर्गात मुकादम व मालक यांनाही बसवा, कारण टेबल विकत घेणारे तेच.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गातच करावा. प्रत्येकाने बाकावर बसून आसनापासून कोपरापर्यंतची उंची मोजावी, नंतर आसनापासून डेस्कपर्यंतची. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक कोणाचा किती येतो ते पाहा. मग गावातल्या शिंप्याच्या परवानगीने त्याचेही माप घ्या.