इंजिन खोलण्याआधी पुरावा मागा

कपाशी लाल पडली की दुकानदार बाटली पुढे करतो. पान तुडतुड्यांनी लाल झाले, मॅग्नेशियमच्या कमतरतेने, की मुळाशी पाणी साचून, हे विचारायला त्याला सवड नसते. ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये पाणी दिसले की गॅरेजातही हेच. "इंजिन गेलं, बांधावं लागेल." मृगाच्या तोंडावर हे ऐकलेला शेतकरी वाद घालत नाही, व्याजाने पैसे काढतो. आमचे म्हणणे असे की निदान झाल्याशिवाय पाना लावू देऊ नये, आणि निदानाची सुरुवात मालकाने स्वतः करावी.

ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले आणि पातळी खुणेच्या वर चढली, तर पाणी शिरले आहे. पातळी चढली पण ऑइल काळे, पातळ आणि डिझेलच्या वासाचे असेल, तर दुखणे पंपाचे किंवा नोझलचे. नुसत्या झाकणाखाली मलई जमली आणि पट्टीवरचे ऑइल साफ असेल, तर ती बहुधा थंडीतली वाफ. शंका उरली तर ऑइलचा एक थेंब तापल्या तव्यावर टाका, जरा लांबून. पाणी असेल तर तडतडते.

पाणी आले कुठून, हा खरा प्रश्न. रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल तर आधी उभ्या सायलेन्सरकडे बघा. वर डबा न घालता ट्रॅक्टर पावसात उभा होता का? असेल तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेडिएटर रिकामा होतो आणि बाहेर गळती नाही, तर वाट आतून आहे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढा, मग चालू करा. सारखे बुडबुडे आले तर हेड गॅसकेट उडाले किंवा हेडला चीर गेली. (गरम इंजिनाचे झाकण काढून तोंड भाजून घेणारे दर हंगामात भेटतात.) बुडबुडे नसतील तर खालचे चेंबर उतरवून रेडिएटरला हातपंपाने हवेचा दाब द्यावा आणि खालून पाहावे. थेंब लायनरच्या बुडाशी धरला तर ओ-रिंग गेली. गॅसकेट बदलणे आणि अख्खे इंजिन बांधणे यांच्या बिलांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

तोवर ट्रॅक्टर चालवू नका. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगला राखत नाही, आणि मग मिस्त्रीचे "इंजिन गेलं" खरे ठरते.

मिस्त्रीला चोर म्हणायला आम्ही तयार नाही. त्याला सुट्या भागांवर पैसे मिळतात, खोलण्या-बसवण्याचे मिळतात. तपासण्याचे कोणी देत नाही. मग तो खोलूनच तपासतो. आपल्या घामाचा भाव मागणाऱ्यांनी त्याच्या तपासणीची मजुरी वेगळी ठरवून द्यावी. दाब देऊन गळती दाखव, त्याचे इतके पैसे घे, असे आधीच बोलावे. काढलेले गॅसकेट, जुन्या रिंगा परत मागाव्यात.

आणखी एक. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलो तर आत थर धरतो, इंजिन तापते आणि गॅसकेट पुन्हा उडते. स्वच्छ पाण्यात कूलंट मिसळून घालावे.

दुरुस्तीचे पक्के बिल घ्या आणि पुढच्या बैठकीला बरोबर आणा. आपल्या एकरी खर्चाच्या तक्त्यात तो रकाना बहुतेकांचा कोराच असतो.