बिनमालकीचा कचरा

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या, एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असावी, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. असा एक तुकडा सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळला, तर उपग्रह निकामी होतो. तथापि नियमित मागोवा घेतला जातो तो प्रामुख्याने दहा सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांचाच.

उरलेल्यांची मोजदाद अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील हेस्टॅक रडार करते. नासा १९९० पासून त्याचा वापर करीत आली आहे. सुमारे ३७ मीटर व्यासाची तबकडी एका दिशेला स्थिर रोखावयाची आणि तिच्या अरुंद झोतातून जाणारे तुकडे मोजावयाचे, ही पद्धत. नाक्यावर बसून गाड्या मोजाव्यात तसे हे काम. सुमारे पाच मिलिमीटरपर्यंतचे तुकडे यात सापडतात. त्याखाली उतरणे दुष्कर. कारण तुकडा रडारलहरीच्या लांबीहून बराच लहान असला, की आकार निम्मा होताच परत येणारा संकेत चौसष्टपट क्षीण होतो.

परंतु ही खानेसुमारी आहे, ओळखपरेड नव्हे. सोव्हिएत उपग्रहांच्या अणुभट्ट्यांतून गळालेले सोडियम-पोटॅशियमचे थेंब त्यांच्या गोल आकारामुळे ओळखता आले, हा अपवाद. एरवी तुकड्याचा मालक कळत नाही. १९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशात झालेल्या हानीची भरपाई मिळवावयाची, तर दोष सिद्ध करावा लागतो. ज्याचा धनीच अज्ञात, त्याचा दोष कोणाच्या माथी मारणार? म्हणजे लाभ प्रक्षेपण करणाऱ्याचा आणि धोका सर्वांचा!

२००७ मध्ये चीनने आणि २०२१ मध्ये रशियाने आपलेच उपग्रह फोडले. भारतानेही मार्च २०१९ मध्ये तेच केले. उंची तीनशे किलोमीटरहून कमी असल्याने बहुतेक तुकडे लवकर जळून गेले, हे खरे. पण काही बरेच वर फेकले गेले, हेही तितकेच खरे.

तेव्हा गुन्हेगार शोधीत बसण्याऐवजी प्रत्येक प्रक्षेपणावर, वस्तुमान आणि कक्षेतील आयुष्य यांच्या प्रमाणात, आंतरराष्ट्रीय कर बसविणे हाच न्याय्य मार्ग होय. उशिरा आलेल्या गरीब राष्ट्रांवर हा अन्याय ठरेल, असा आक्षेप येईल. म्हणूनच कक्षेत आधीच पडून असलेल्या वस्तुमानावरही आकारणी हवी. त्यातील सर्वांत मोठा वाटा अमेरिका, रशिया आणि चीन यांचा आहे. त्या निधीतून सामायिक रडार उभारावेत आणि त्यांची आकडेवारी सर्वांना खुली असावी. ज्यांनी कचरा केला, त्यांच्याच हाती मोजमापाचा काटा राहणे लोकशाहीला मानवणारे नाही.