बाळाचं पाऊल आणि आईचं ताट

मैत्रिणींनो, मालिशने हाडं बळकट झाली की बाळ चालू लागतं, असं आमच्या वाशिमकडे म्हणतात. मालिश चांगलीच, पण मोठं काम चालतं मेंदूत. विजेच्या तारेवर रबराचं आवरण असतं ना, तसं मज्जातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टन चढतं, मग निरोप कितीतरी पट वेगाने धावतो. पहिल्या दोन वर्षांत हे काम सर्वांत झपाट्याने होतं.

वेष्टन घालणाऱ्या पेशी वेगळ्या. तशी जनुकं बहुतेक सगळ्याच पेशींत तीच. कुठली केव्हा उघडायची नि कुठली मिटून ठेवायची, यावर पेशीचं काम ठरतं. ‘ऑलिग-२’ आणि ‘सॉक्स-१०’ ही जनुकं कोवळ्या पेशीला या कामाला लावतात. पुढे ‘मर्फ’ जागं झालं की ती वेष्टन गुंडाळू लागते.

मायलिनला आणि जनुकांच्या या उघडझापीलाही बी-१२ जीवनसत्त्व लागतं, नि ते डाळी-भाज्यांत नसतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींत ते कमी आढळलं. शाकाहारी असाल तर दूध-दही रोज घ्याच. सगळ्यांना वाढून उरलं तर, असं नको! दिवस राहिले की डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. आणि बाळ येत असलेलं हसणं-बसणं विसरू लागलं, हात थरथरू लागले, तर दृष्ट काढत बसू नका; त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.