सदाफुली आणि डिंक्या

दोन नोव्हेंबरच्या मृतदिनाआधी आमच्या पांढुर्ण्याच्या धर्मग्रामातील मंडळी दफनभूमी झाडून काढतात. कबरींच्या फटींतून सदाफुली उगवलेली असते. ती मात्र कोणी उपटीत नाही. या वर्षी सौसरकडील एक माउली तिची पाने खुडून पदरात भरताना आम्हांस दिसली. तिच्या मुलास रक्ताचा कर्करोग असून नागपुरास उपचार चालू आहेत. ती म्हणाली, "फादर, डॉक्टर सांगत होते, सुईतलं औषध याच झाडाचं आहे. मग काढा करून पाजला तर नागपूरच्या खेपा वाचतील ना?"

"नको" म्हणावयास आम्हांस क्षणही लागला नाही. "का नको" हे सांगता सांगता मात्र दुपार झाली.

डॉक्टरांनी सांगितले ते खरेच आहे. १९५२ साली जमैका बेटावरून सदाफुलीची पाने मधुमेहाच्या तपासणीसाठी कॅनडात पाठविण्यात आली. आपल्याकडेही पुष्कळजण साखरेच्या विकारावर ही पाने चावतातच. रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला, तेव्हा साखर उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातील पांढऱ्या पेशी. त्यातून १९५८ साली नोबल आणि चार्ल्स बीर यांनी व्हिन्ब्लास्टिन जगापुढे ठेवले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन. त्यास १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात ते हेच. परंतु एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन काढावयास सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, आणि व्हिन्क्रिस्टिन तर त्याहूनही दुर्मिळ. पानात शंभरांहून अधिक इतर द्रव्ये असतात, त्यांपैकी कित्येक विषारी. काढ्यात विष किती आणि औषध किती, हे कोण मोजणार? औषध नेमक्या मापाने शिरेतूनच द्यावे लागते.

"मग झाडाकडूनच जास्त काढून घेता येत नाही का?" असे तिने विचारले. प्रश्न शहाणपणाचा होता.

आपल्या संत्र्याच्या बागाईतदारांना डिंक्या ठाऊक आहे. बुरशी सालीत शिरली की झाड डिंक गाळू लागते. झाडास पळता येत नाही. ते रस करूनच झुंजते. सदाफुलीचे कडू द्रव्यही तिने आपल्यासाठी केलेले नव्हे, स्वतःच्या रक्षणासाठी केलेले आहे.

टिश्यू कल्चरची केळी आपण पाहतो. तेथे तुकड्यापासून रोप करतात. येथे रोप होऊच देत नाहीत, नुसत्या पेशी साखरपाण्यात वाढवितात. पण खाऊनपिऊन सुखी असलेली पेशी औषध करण्यात आळस करते. म्हणून शास्त्रज्ञ तीत मारलेल्या बुरशीचा अर्क घालतात, किंवा संकटसमयी वनस्पती स्वतःच करते ते जॅस्मोनेट द्रव्य घालतात. बुरशी मेलेली आहे हे पेशींना काय ठाऊक! त्या शत्रू आला असे समजून कामास लागतात.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डी. पी. फुलझेले आणि एम. आर. हेबळे यांनी सदाफुलीच्या पेशी वीस लिटरांच्या, खालून हवा खेळविलेल्या पात्रात वाढवून अजमालिसिन हे रक्ताभिसरणाचे औषधी द्रव्य मिळविले, आणि १९९४ साली ते काम प्रसिद्ध केले. व्हिन्क्रिस्टिन मात्र असे वश झाले नाही. त्याचा एक अर्धा भाग पानातील निरनिराळ्या पेशी एकमेकींच्या हाती काम देत करतात. सुट्या पेशींस ते साधत नाही. अखेर २०२२ साली दोन्ही अर्धे यीस्टकडून करवून घेऊन व्हिन्ब्लास्टिन जोडल्याचे वृत्त आले, तरी ते अद्याप प्रयोगशाळेतले काम आहे.

टॅक्सॉलची गोष्ट अधिक सुखाची. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे त्यासाठी यू वृक्षांच्या साली सोलल्या जात, आणि सोललेले झाड मरे. आज त्या वृक्षाच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून ते औषध काढतात.

जखमेतून औषध निघते, हे ऐकताच आमच्यातील उपदेशक जागा झाला होता, हे कबूल करतो. पण पदरात पाने धरून बसलेल्या त्या माउलीपुढे ते शब्द आम्ही गिळले. मूल आजारी असलेल्या घरी दुःखाची थोरवी सांगणे आम्हांस कधीच जमले नाही.

तिने पाने कबरीशेजारी झटकली आणि फुले तेवढी सासऱ्यांच्या क्रुसापाशी ठेवली. नागपूरची पुढची खेप येत्या मंगळवारी आहे. गाडीभाड्याची तजवीज झाली आहे. परंतु संत्र्याची तोड चालू असल्याने मुलाच्या बापास जाता येणार नाही. सोबतीस कोणी जाऊ शकत असल्यास रविवारच्या मिस्सेनंतर आम्हांस भेटावे.