झोळीपाशी कोण?

मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरकडे जाताना डिंभे मागे टाकले की पुढे तळेघर लागते. आषाढात इथे भाताची आवणी चालू असते. दिवस उजाडल्यापासून अख्खे घर खाचरात, गुडघाभर चिखलात. तान्हे मूल घरी झोळीत. दोरी ओढायला आजी असेल तर आजी, नसेल तर सात-आठ वर्षांची बहीण. परिषदांमध्ये आपण ज्याला ‘बालपणीचा परिसर’ म्हणतो, तो इथे एवढाच असतो: चुलीचा धूर, कौलांवरचा पाऊस आणि दोरीवरचा तो हात.

मेंदूच्या वाढीविषयी आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मूल हुंकारते, कोणीतरी त्याला ओ देते, आणि या देवघेवीतून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होत जातात. ओ देणारेच नसेल तर काय होते, ते बुखारेस्टच्या अनाथालयांनी दाखवले. 2000 साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात 136 मुले होती. त्यांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पालक-कुटुंबांत दिली गेली. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळाले, त्यांची माणसांशी जवळीक आणि मेंदूचे विद्युत-आलेख, दोन्ही पुष्कळ सुधारले. संस्थेत छप्पर होते, जेवण होते. ज्याला आपले म्हणावे असे एक माणूस तेवढे नव्हते.

हा अभ्यास वाचून कोणी आदिवासी पाड्यांकडे बोट दाखवू लागले, तर त्याला आधीच थांबवले पाहिजे. गरिबी वेगळी आणि दुर्लक्ष वेगळे. महादेव कोळ्याच्या किंवा ठाकराच्या घरात मुलाला जितक्या मांड्या मिळतात, तितक्या पुण्यातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत मिळत नाहीत. उणीव आहे ती सवडीची. आवणी झाली की बेणणी, मग कापणी, पुढे बागायती पट्ट्यात मजुरी, उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरडा. मजुरीला गेलेल्या आईबरोबर मूलही बांधावर जाते. गावच्या अंगणवाडीत त्याचे नाव राहते, गृहभेट मात्र चुकते.

आणि त्या आईचे मन? वजनकाटा, उंचीची पट्टी, दंडाची फीत हे सगळे मुलासाठी आहे. आईला आपण फार तर हिमोग्लोबिन विचारतो. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा मागोवा घेतला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर 23 टक्के आयांना नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण ही त्यामागची मोठी कारणे. मुलगी झाली म्हणजे धोका आणखी वाढलेला. पुढच्याच वर्षीच्या लेखात दिसले की अशा आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाला आणि उंचीला कमी होतीच, शिवाय मानसिक विकासाच्या चाचणीतही मागे होती. ‘मॅम’च्या, म्हणजे मध्यम तीव्र कुपोषणाच्या, यादीत नाव आल्यावर आपण मुलाच्या ताटात काय पडले ते शोधतो, आई रात्री झोपली का हे विचारत नाही.

उपायही फार लांबचे नाहीत. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आशाताईंसारख्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन आयांशी ठरावीक पद्धतीने बोलणे केले. 2008 साली त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी त्या गटात 23 टक्के आया नैराश्यात होत्या, दुसऱ्या गटात 53 टक्के. बाळांच्या वजन-उंचीत म्हणावा असा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण जुलाब कमी झाले, लसी जास्त घेतल्या गेल्या, आणि आईच नव्हे तर बापही मुलाशी जास्त वेळ खेळू लागला. वजनकाट्यावर यातले काही दिसले नसते.

तळेघरच्या भागात तर आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. 30 जुलै 2014 रोजी, आवणीच्याच दिवसांत, याच तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. 151 माणसे गेली. पाऊस लागला की जी बाई रात्रभर जागते, तिच्या कुशीतल्या मुलाचा ‘परिसर’ आपण कोणत्या रकान्यात लिहिणार?

नवे रजिस्टर काढा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सेविकेच्या डोक्यावर आहेत तेवढी पुरे. आशाताईने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचे असतेच. 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा माता दुपारी अंगणवाडीत जेवायला येतात. ताटावर बसलेल्या बाईशी बोलणे दवाखान्याच्या रांगेतल्यापेक्षा सोपे असते. दोनच प्रश्न विचारायचे: गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, हताश राहिले का? नेहमीच्या कामात, माणसांत जीव रमेनासा झाला का? ‘हो’ आले तर सावकाश ऐकायचे, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या कानावर घालायचे, ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक लावून द्यायचा. जीव नकोसा झाल्याचे तिने बोलून दाखवले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि ती दोरी ओढणारी बहीण? ताराबाई मोडकांना ती भेटली होती. 1945 साली बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाहिले, की धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मुली शाळेत येत नाहीत. मग विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. ‘अंगणवाडी’ हे नाव आपण त्यांच्याकडूनच घेतले, पाळणाघर मात्र तिथेच ठेवून आलो. आवणीचे आणि कापणीचे आठवडे तरी अंगणवाडीत पाळणे बांधा, असा आग्रह बालरोगतज्ज्ञांनी आणि प्रकल्प अधिकाऱ्यांनी धरला पाहिजे. कुपोषणाच्या बैठकीत हा विषय अजून आरोग्याचा मानला जात नाही, ही आपल्या शास्त्राची चूक आहे.

वाचकांना एक विनंती. येत्या महिन्यात तुमच्याकडे येणाऱ्या पहिल्या दहा आयांना वरचे दोन प्रश्न विचारा आणि काय ऐकायला मिळाले ते आम्हाला लिहून पाठवा. आईचे नाव आणि गाव मात्र लिहू नका.