वाघांच्या राजधानीत पायी चालायचं कुठे?

मागच्या शुक्रवारी ऑफिसमधून निघता निघता ऑस्लोहून मित्राचा फोटो आला. आमच्याच टीममधला, मूळचा धरमपेठचा, सध्या ऑनसाईट. बुटांना चिखल, पाठीवर सॅक, मागे स्प्रूसची उंचच उंच झाडं आणि खाली एकच ओळ : "घरून मेट्रोने अर्धा तास."

झालं! आमच्या मिहानमधल्या कंपूला तेवढं पुरलं. "अबे, जंगलाच्या गोष्टी हा आपल्याला सांगणार? नागपूरकरांना?" रविवारी जंगलात पायी फिरायला जायचं असं चहाच्या टपरीवर एकमताने ठरलं. सहा डोकी, दोन गाड्या, तर्री-पोहे खाऊन निघायचं. प्रश्न एकच उरला. कुठे?

मंडळी, इथेच आमचं गाडं अडलं, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

नागपूरला आपण वाघांची राजधानी म्हणतो. विमानतळापासून हॉटेलांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे वाघ आहे. एका दिवसात जाऊन यावं अशा अंतरावर पेंच आहे, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे, बोर आहे. थोडी झोप मोडायची तयारी असेल तर नागझिरा आणि ताडोबाही. पण यातल्या एकाही ठिकाणी तुम्ही वाटेल तेव्हा पाठीला सॅक लावून चालू शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, आणि आपल्यासारख्यांना ती परवानगी म्हणजे जिप्सीतली सीट. खाली उतरायचं नाही, जोरात बोलायचं नाही, वेळेत गेटबाहेर पडायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर जंगलाचा रीड-ओन्ली ॲक्सेस :-)

यात माझी तक्रार नियमांबद्दल नाही. तक्रार आहे ती या ॲक्सेसने आपलं काय करून ठेवलंय त्याबद्दल. जंगल म्हणजे वाघ, आणि वाघ दिसला नाही म्हणजे पैसे बुडाले, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ३१ डिसेंबर २०२४ आठवा. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली होती. व्हिडिओ सगळीकडे फिरला, गाईड-चालकांवर कारवाई झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईडला शिव्या घालणं सोपं आहे. पण "भाऊ, अजून थोडी पुढे घे ना" असं मागच्या सीटवरून कोण म्हणतं? आपणच.

असो. तर आमच्यातल्या एका उत्साही वीराने शक्कल काढली. "गेटमधून जायचंच कशाला? बफरमधल्या एखाद्या गावातून मागच्या बाजूने घुसू." शनिवारी दोघं जण पाहणीला गेलो. गावातल्या टपरीवर चहा घेता घेता काकांना वाट विचारली. काकांनी आमच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आमी मोहा वेचायले जातो तं जीव मुठीत घेऊन जातो. तुमाले कोनं सांगतलं हो जायले?"

खरं सांगतो, लाज वाटली. आपल्याकडे जंगलात पायी जाणारी माणसं आहेतच. उन्हाळ्यात मोहा वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे बाया-माणसं जातात. मोहाफुलं वेचायला वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसतच नाही, असं म्हणतात. पूर्व विदर्भात दर उन्हाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्यांचं चालणं पोटासाठी, आणि आम्ही तिथे फोटोसाठी चाललो होतो. परतताना गाडीत कोणी फार बोललं नाही.

आता ऑस्लोबद्दल. तिथल्या जंगलाचं नाव नूरमार्का. मेट्रोची १ नंबरची लाईन डोंगर चढत थेट फ्रॉग्नरसेटेरेनला जाते आणि तिथून पायवाटा सुरू. झाडांवर निळी खूण म्हणजे चालायची वाट, लाल म्हणजे बर्फातली स्कीची. १९५७ च्या कायद्याने तिथे कुणालाही मोकळ्या रानात चालायचा हक्क आहे, मग जमीन कुणाचीही असो. पीक तुडवायचं नाही, घरापासून १५० मीटरच्या आत तंबू ठोकायचा नाही, एवढं पाळायचं. शिवाय २००९ मध्ये खास कायदा करून शहराभोवतीच्या या जंगलात बांधकामाला जवळजवळ बंदीच घातली.

"पण तिथे वाघ नाहीत ना बे!" हे मान्य. लांडगे असतात थोडे, पण ते काही झुडपाआड दबा धरून बसत नाहीत. लोकसंख्याही मूठभर. त्यामुळे पेंच-ताडोब्याच्या गाभ्यात आपल्याला पायी सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. तो वाघाचा आहे, त्याचाच राहू दे. पण आपण तिथून उचलायची गोष्ट वेगळी आहे. शहराला लागून असलेलं जंगल हे रोज चालायचं ठिकाण आहे, असं त्यांनी ठरवलं आणि मग त्यासाठी वाटा, खुणा, मेट्रो सगळं उभं केलं.

आपल्याकडे काय कमी आहे? सेमिनरी हिल्स शहराच्या पोटात आहे. अंबाझरीला जैवविविधता उद्यान आहे आणि आपली हिंगण्याकडची मेट्रो २०२० पासून त्याच तलावाच्या काठाने धावते. गोरेवाड्याला सुमारे १९०० हेक्टरचा पट्टा आहे. पण गोरेवाडा म्हटलं की आपल्याला आठवते ती २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली सफारी. पुन्हा गाडी, पुन्हा काच!

आणि चालणं आपल्या रक्तात नाही असंही नाही. ट्रेकिंग हा शब्द पुण्या-मुंबईच्या सह्याद्रीवाल्यांचा असेल, पण नागपंचमीच्या सुमाराला पचमढीच्या नागद्वारला कोण जातं? विदर्भातली माणसं, लाखोंनी. भर पावसात, निसरड्या दगडांवरून, सातपुड्याच्या ऐन जंगलातून. माझी आजी साठीत असताना जाऊन आली. अनवाणी. तिच्याकडे जीपीएस नव्हतं, पिशवीत दशम्या होत्या.

शेवटी आम्ही रविवारी रामटेकला गेलो. एसटीने. अंबाळा तलावापासून जुन्या पायऱ्यांनी गड चढलो, वानरांपासून डबे वाचवले, वर वाऱ्यात बसून घामेजलेल्या टी-शर्टनिशी मेघदूताच्या कालिदासावर यथाशक्ती चर्चा केली. वाघ दिसला नाही. साडेतीन तासांत एकानेही "काही दिसलं का?" असं विचारलं नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. पळस ओळखता आला, एक झाड अर्जुन की ऐन यावर भांडण झालं, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

तर माझं मागणं साधं आहे. शहरालगतच्या रानात खुणा केलेल्या मातीच्या पायवाटा हव्यात. पेव्हर ब्लॉक नकोत, सेल्फी पॉईंट तर नकोच नको. सुरुवातीला एक पाटी : वाट किती किलोमीटरची, किती वेळ लागेल, पाणी कुठे, बिबट्याचा वावर असेल तर तसं स्पष्ट. आणि बफरमध्ये वनखात्याला जिथे सुरक्षित वाटेल तिथे, गावातल्याच पोरा-पोरींच्या सोबतीने, मोजक्या माणसांची पायी फेरी. पैसे थेट त्या गावाला. त्या टपरीवाल्या काकांना आपल्यापेक्षा जंगल जास्त कळतं, त्याची फी द्यायला आपल्याला जड जाऊ नये. मॉलमध्ये कॉफीला किती देतो ते आठवा.

आणि तोवर? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. मेमधल्या ४५ डिग्रीत शहाणपणा करू नका. पहाटे सहाला निघा, माणशी दोन लिटर पाणी, मळकट रंगाचे कपडे, कानात गाणी नाहीत, आणि जिथे "प्रवेश बंद" लिहिलंय तिथे खरंच बंद असं समजा.

ऑस्लोच्या मित्राला मी रामटेकचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ लिहिली : "एसटीने दीड तास. वर दशम्या."

त्याचं उत्तर आलं, "दशम्या? जळवतो का बे!" :-)